आदर्श सहचर

“ती पिवळी नको. ही नेस,” राजशेखर म्हणाले आणि त्यांनी पलंगावर नवी साडी ठेवली. मोरपंखी रंगाची, भरजरी काठाची. “फोटोत उठून दिसेल.”

“एवढी जड? माझी छाती ओढते अजून.”

“तासाभराचा तर प्रश्न आहे. आणि मी असणारच की शेजारी.”

मी फुंकायचं यंत्र तोंडाला लावलं. मुठीएवढं यंत्र ते; जोर लावून फुंकलं की पडद्यावर श्वासाच्या ताकदीचा आकडा येतो. रोज सकाळी फुंकायचं, आकडा घसरला तर लगेच चेन्नईला फोन करायचा, असं हॉस्पिटलनं बजावून सांगितलं होतं. त्या दिवशीचा आकडा ऑपरेशननंतरचा सगळ्यात चांगला होता. मी तो राजशेखरना दाखवला.

“छान,” ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या जाकिटाला इस्त्री करू लागले.

लातूरहून माझी थोरली बहीण, अक्का, राजशेखरच्या सत्कारासाठी बार्शीला आली होती. ती दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं त्या आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे पुसत आत निघून गेली.

त्या वर्षीच माझी दोन्ही फुप्फुसं बदलली होती. या बगलेपासून त्या बगलेपर्यंत छाती उघडली होती. त्याआधीची पाच-सहा वर्षं आठवायची म्हटलं तरी मला धाप लागते. सुरुवात नाकातून झाली. खपल्या धरायच्या, रक्त यायचं. मग खोकल्यातून रक्त. गावातल्या डॉक्टरांनी टीबी सांगितला. मी दीड वर्ष टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं केलं, शेजारणी फाटकातूनच बोलायला लागल्या, माझ्या शिवणाच्या क्लासला मुली येईनाशा झाल्या. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “टीबी कधीच नव्हता. तुमचं शरीर तुमच्याच रक्तवाहिन्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतंय.” त्यांच्या औषधांनी तो आजार शांत झाला, पण तोवर फुप्फुसं वाळून दगडासारखी झाली होती आणि नाकाचं हाड खचून नाक मध्येच बसलं होतं. आरशात बघायचं मी सोडून दिलं. दिवसरात्र ऑक्सिजन लागायचा.

या सगळ्यात राजशेखरनी माझं काय केलं नाही? खोटं बोलणार नाही; सगळं केलं. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. ते कामगारावर सोडून ते माझ्यापाशी बसायचे. मला न्हाऊ घालायचे, उलट्या काढायचे, सिलिंडर खांद्यावरून वर चढवायचे. सासूबाईंनी ताट वेगळं केलं, त्या दिवसापासून ते माझ्याच ताटात जेवायला बसले. माझं नाक असं बसलेलं, त्यात ऑक्सिजनची नळी टिकायची नाही. मिशीच्या जागी कापसाची बारीक वळी ठेवून ती कशी अडकवायची, हे नर्सनाही जमायचं नाही, ते फक्त यांना जमायचं. चेन्नईच्या हॉस्पिटलात विचारलं गेलं, ऑपरेशननंतर वर्षभर पेशंटची जबाबदारी कोण घेणार? तेव्हा डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांनी हात वर केला होता.

आणि मग एक दिवस कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं, आणि त्या घरानं त्याची फुप्फुसं दिली. कोण, कुठलं, हे मला सांगितलं नाही. सांगत नाहीत.

बार्शीला परतल्यावर लोक भेटायला यायचे. मला गर्दीपासून जपायचं असल्यानं राजशेखर त्यांना ओसरीतच बसवून सगळं सांगायचे. मी आतल्या खोलीत ऐकायची. पहिल्यांदा ते अडखळत सांगायचे. पुढे सांगणं गुळगुळीत होत गेलं. कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, हे ठरून गेलं. “डॉक्टर म्हणाले, शेटे, आम्ही निमित्त. हिला तुम्ही वाचवलंय.” हे वाक्य शेवटी यायचं. डॉक्टर असं म्हणालेले मला तरी आठवत नाहीत. त्या सांगण्यात फुप्फुसं देणारं माणूस मात्र कधीच नसायचं.

मी बरी होत गेले तसे ते चिडचिडे झाले. मी माझ्या गोळ्या स्वतः डबीत भरायला लागले, तर डबी काढून घेतली. “चुकशील तू. मी आहे ना.” मी गच्चीवर एकटी चढून गेले, तर दोन दिवस बोलले नाहीत. शिवणाचं मशीन पुसून ठेवलं तेव्हा म्हणाले, “एवढं केलं ते हे बघायला?” मला वाटलं, माणूस थकलाय. थकणारच.

त्यातच समाजाच्या मंडळानं त्यांना पुरस्कार जाहीर केला. ‘आदर्श सहचर’. मंडळाचे अध्यक्ष सिद्रामप्पा स्वतः घरी सांगायला आले. राजशेखरचा चेहरा तेव्हा असा उजळला, की मला लग्नातले ते आठवले. आयुष्यभर मोटारींच्या तारा गुंडाळणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी स्टेजवर बोलावत होतं.

मी चेन्नईला फोन केला. तिथं जयंती नावाची बाई सगळ्या पेशंटांची विचारपूस करायची. मोडक्या हिंदीत बोलायची, पण आईसारखी रागवायची.

“बंद हॉलमध्ये? दोनशे माणसं?” ती म्हणाली. “नाही. बिलकूल नाही.”

“माझ्या मिस्टरांचा सत्कार आहे, जयंती.”

“मग दाराजवळ बस. पंधरा मिनिटं. मास्क काढायचा नाही, काहीही झालं तरी. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. तुझ्या अंगात लढायची ताकद आम्हीच औषधांनी मारून ठेवली आहे. ती जागी झाली, तर या फुप्फुसांनाच परकं समजून मारेल. साधी सर्दीसुद्धा तुला साधी नाही. समजलं?”

मी ते जसंच्या तसं राजशेखरना सांगितलं.

“चेन्नईत बसून बोलायला काय जातंय?” ते म्हणाले. “इथं लोकांना मी काय सांगू? सगळी तुला बघायला येणार आहेत. तू नसलीस तर माझ्या सत्काराला अर्थ काय?”

ते खरंच होतं. मी त्या सत्काराचा पुरावा होते.

मंगल कार्यालयात पंखे गरगरत होते आणि खिडक्या बंद होत्या, कारण बाहेर लग्नाची वाजंत्री चालली होती. थंडीचे दिवस, गावात खोकल्या-तापाची साथ होती. दाराजवळच्या खुर्चीवर मी पुरती बसलेही नसेन, तोच सिद्रामप्पा माइकवरून म्हणाले, “वहिनी, तिकडं कुठं? तुमची जागा इथं, स्टेजवर.”

अक्कानं माझा हात धरला. “जाऊ नको, गिरू. बस इथंच.”

राजशेखर स्टेजवरून खाली आले, माझ्या दुसऱ्या दंडाला धरलं आणि मला हळुवार उठवलं. आजारपणात जसं उठवायचे, अगदी तसंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काचा हात सुटला.

भाषणं झाली. शाल झाली, श्रीफळ झालं, चांदीचा मुलामा दिलेलं मानचिन्ह झालं. मग राजशेखर बोलायला उभे राहिले. ओसरीवरचं सगळं बोलणं त्यांनी पुन्हा सांगितलं, त्याच जागी थांबत, त्याच जागी आवंढा गिळत. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मी मास्कच्या आत बसले होते. श्वास छान चालला होता. मला एवढंच कळत होतं, की श्वास छान चाललाय आणि मला इथून जायचंय.

फोटोसाठी आम्हाला दोघांना पुढे उभं केलं. फोटोवाला म्हणाला, “वहिनी, मास्क काढा की जरा. चेहराच दिसंना.”

मी मानेनं नाही म्हटलं.

“एकच मिनिट,” सिद्रामप्पा हसत म्हणाले. “समाजाला कळू दे, आपल्या वहिनी किती छान झाल्यात.”

मी पुन्हा मान हलवली. आणि तेव्हा राजशेखरनी हात वर केला. त्यांनी माझ्या डाव्या कानामागची दोरी बोटानं अलगद सोडवली, मग उजव्या. केसांत अडकलेली एक बट मोकळी केली. गालांवर मास्कची कड उमटली होती, ती अंगठ्यानं पुसली. किती मायेनं केलं ते सगळं! ज्या हातानं वर्षानुवर्षं माझं तोंड पुसलं, तोच हात होता. मी तो कसा झटकणार होते? दोनशे लोकांसमोर?

मास्क त्यांनी घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवला.

पुढच्या रांगांतल्या माना उंचावल्या. माझं बसलेलं नाक पुष्कळांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि मला कळलं, त्या माझ्यासाठी नव्हत्या. अशा तोंडाच्या बाईला सांभाळलं म्हणून त्या यांच्यासाठी होत्या.

मग रांग लागली. बायका स्टेजवर आल्या. कुणी कुंकू लावलं, कुणी ओटी भरली, कुणी मिठी मारली. एका म्हातारीनं माझे दोन्ही गाल धरून कानशिलावर बोटं मोडली, मग तोंड बाजूला न करताच खोकली आणि म्हणाली, “असा नवरा सात जन्मी मिळत नाही गं बाई.” मी मास्कसाठी राजशेखरकडे पाहिलं. ते चार माणसांच्या घोळक्यात उभे होते. ओसरीवरचंच बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

घरी येताना रिक्षात अक्का राजशेखरना म्हणाली, “तुम्ही तो मास्क काढायला नको होता.”

“अक्का, तुम्ही उगाच भिववू नका तिला,” ते म्हणाले. मांडीवरचं मानचिन्ह त्यांनी शालीत गुंडाळून घेतलं होतं. “काही होत नाही.”

तीन-चार दिवसांनी घसा धरला. मग ताप. सकाळी फुंकलं तर आकडा खाली आला होता. राजशेखर म्हणाले, “सेल गेले असतील.” सेल बदलले. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी खाली आला. शेवटी मीच जयंतीला फोन केला. तिनं एकच विचारलं, “मास्क काढलास?” मी हो म्हटलं. ती रागावली नाही. त्यानंच मला जास्त भीती वाटली. “लगेच निघ,” म्हणाली. आम्ही गाडीनं हैदराबाद गाठलं आणि तिथून विमानानं, पुन्हा ऑक्सिजन लावून, चेन्नई.

नळ्या घालून फुप्फुसं तपासली. आधी त्यांना शंका होती, माझा जुनाच आजार उलटला की काय. नव्हता उलटला. तो बिचारा शांत होता. बाहेरून विषाणू शिरला होता, आणि त्याच्या मागोमाग शरीर नव्या फुप्फुसांवर उठलं होतं. सलाइनमधून औषधांचे जबरदस्त डोस सुरू झाले.

आठवड्यानं डॉक्टर सेल्वम माझ्या पलंगापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे जयंती होती. “धोका टळलाय,” ते म्हणाले. “पण फुप्फुसांची जी ताकद गेली, ती परत येणार नाही. निम्म्यावर भागवावं लागेल.” मग राजशेखरकडे वळून त्यांनी विचारलं, “गर्दीत कुठं नेलं होतं का?”

“नाही, नाही,” राजशेखर म्हणाले. “मी घराबाहेर सोडत नव्हतो, डॉक्टर. माझी पाठ फिरली आणि ही देवळात गेली. मी किती सांगितलं होतं!”

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क घट्ट बांधलेला होता. मला बोलता येत नव्हतं. जयंतीला खरं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यावरही मी गप्प राहिले असते. घाबरून माणूस खोटं बोलतो; मी समजून घेतलं असतं. पण पुढच्या दिवसांत मला एक वेगळंच दिसायला लागलं.

त्यांची चिडचिड गेली होती. ते सकाळी ताजेतवाने होऊन यायचे, दाढी केलेले, भांग पाडलेला. माझ्या गोळ्यांची डबी आता पुन्हा त्यांच्याकडे होती. नर्स म्हणायच्या, “अंकल बेस्ट!” आणि ते लाजायचे. एकदा दुपारी वॉर्डाचं दार उघडं होतं. बाहेर अकोल्याहून आलेलं एक नवं कुटुंब बसलं होतं, भेदरलेलं. राजशेखर त्यांना सांगत होते, टीबीपासून सगळं. “आणि आता पुन्हा संकट. पण मी खंबीर आहे.” त्या बाईनं त्यांना वाकून नमस्कार केला. मग ते आत आले. माझ्या नाकातली नळी घसरली होती. त्यांनी कापसाची वळी केली, जागेवर ठेवली, नळी नीट बसवली. आणि हे करताना ते गुणगुणत होते.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. माणूस सुखात होता.

“अहो,” मी म्हटलं. दोन शब्दांना एक श्वास लागत होता. “तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“मला काय झालंय?”

“मी परत अशी झाले, म्हणून.”

त्यांचा हात नळीवर तसाच राहिला. संतापून ओरडले असते, तर कदाचित मी चुकले असं मला वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, “काहीतरीच काय बोलतेस,” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाणी खोटं नव्हतं. पण ते नाही म्हणाले नाहीत.

“अक्काला बोलवा,” मी म्हटलं.

“येऊ दे की. मदतच होईल मला.”

“मदतीला नाही. तुमच्या जागी. तुम्ही घरी जा.”

त्यांना वाटलं, मी ग्लानीत बोलतेय. ते जयंतीला घेऊन आले. जयंती पलंगाच्या कडेवर बसली. “बघ, इथं पेशंटजवळ एकालाच राहता येतं,” ती म्हणाली. “कोण हवं? तूच सांग. तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी सांगायचं नाही.”

“माझी बहीण,” मी म्हटलं.

“गिरिजा,” राजशेखर म्हणाले, “मी काय नाही केलं तुझं?”

“सगळं केलंत.”

“मग?”

मला पुष्कळ सांगायचं होतं. म्हणायचं होतं, की ज्या घरानं आपलं माणूस जाळायच्या आधी मला श्वास दिला, त्यांनी आपलं नावसुद्धा कुठं यावं असं म्हटलं नाही. त्या श्वासातला निम्मा तुम्ही फोटोसाठी घालवलात. पण एवढं बोलायला दम पुरला नसता.

“मग काही नाही,” मी म्हटलं. “जा तुम्ही.”

दोन दिवसांत अक्का आली. राजशेखरनी बॅग भरली. जाण्यापूर्वी त्यांनी अक्काला समोर बसवून सगळं नीट शिकवलं. कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली दुधाबरोबर द्यायची नाही, मला कुठल्या कुशीवर धाप लागते, कापसाची वळी किती जाड करायची. तिला जमेपर्यंत चारदा करून दाखवली. त्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. अक्काला हुंदका आला. मलाही वाटून गेलं, की थांबवावं यांना.

ते दारापर्यंत गेले. बॅग खाली ठेवली आणि वळले. त्यांचा चेहरा भांबावलेला होता. वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. किंवा निदान म्हणतील, जपून राहा.

“लोकांनी विचारलं तर काय सांगू?” ते म्हणाले.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड केलं. जरा वेळानं दार लागल्याचा आवाज आला.

हॉस्पिटलातून मी थेट लातूरला, अक्काकडे गेले. त्याला आता सात वर्षं होतील. एका दमात जिना चढवत नाही, पण चढते. मधल्या पायरीवर बसते, मग पुढे जाते. शिवण पुन्हा सुरू केलंय. ब्लाउज शिवते, थांबत थांबत.

राजशेखर कधी आले नाहीत. बार्शीच्या एका शेजारणीनं नंतर सांगितलं, की त्यांनी लोकांना काय सांगायचं ते शोधून काढलं. औषधांनी हिच्या डोक्यावर परिणाम झाला, डॉक्टरांनीच माहेरच्यांकडे ठेवायला सांगितलं. आता ओसरीवरच्या कहाणीचा शेवट तिथं होतो. शेजारीण म्हणाली, ऐकताना माणसं रडतात.

“माझ्यासाठी?” मी विचारलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी.”